विश्लेषण : ऐतिहासिक चित्रपटांतील पोशाख किती खरे? मावळ्यांच्या डोक्यावरची पगडी गेली कुठे?

एखाद्या ऐतिहासिक चित्रपटाचा टीझर यूट्यूबवर आला की तासाभरात प्रेक्षकांचे दोन गट पडतात. एका गटाच्या अंगावर काटा आलेला असतो, तर दुसरा गट व्हिडीओ थांबवून-थांबवून कपडे, दागिने आणि शस्त्रे तपासत असतो. 'बाजीराव मस्तानी'पासून 'छावा'पर्यंत गेल्या दहा वर्षांत गाजलेल्या बहुतेक ऐतिहासिक चित्रपटांना या तपासणीतून जावे लागले. त्यातून कुठे दृश्य गाळले गेले, कुठे कंबर झाकली गेली. मात्र या वादांमध्ये पुराव्यापेक्षा प्रतिष्ठेचा मुद्दा मोठा ठरला. सतराव्या-अठराव्या शतकातील मराठी माणूस प्रत्यक्षात काय घालत होता, हे सांगणारी साधने कोणती आणि पडद्यावरचे चित्र त्यांच्यापासून कुठे दूर जाते, याविषयी…

आतापर्यंतचे वाद कशावरून झाले?

नोव्हेंबर २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी'तील 'पिंगा' गाणे प्रसिद्ध झाले तेव्हा पेशव्यांच्या वंशजांसह अनेकांनी आक्षेप घेतला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवणे आणि त्यांच्या नऊवारीची नेसण, असे दोन्ही मुद्दे त्यात होते. 'पद्मावत'च्या वेळी प्रकरण संगणकापर्यंत गेले. जानेवारी २०१८ मध्ये 'घूमर' गाण्याची सुधारित आवृत्ती आली, तीत दीपिका पदुकोणची उघडी कंबर डिजिटल तंत्राने झाकलेली होती. चित्तोडचा वेढा १३०३ सालचा. त्या काळात त्या धाटणीचा घेरदार घागरा होता का, हा प्रश्न वादाच्या केंद्रस्थानी आलाच नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये माजी खासदार संभाजीराजे छत्रपती यांनी महेश मांजरेकर यांच्या 'वेडात मराठे वीर दौडले सात'च्या पोस्टरवर बोट ठेवले. मावळ्यांच्या वेशभूषेवर, विशेषतः त्यांच्या डोक्यावर पगडी नसण्यावर त्यांचा आक्षेप होता. महिन्याभरातच याच चित्रपटातील अक्षय कुमारच्या पहिल्या झलकीत झुंबराला विजेचे दिवे दिसल्याने समाजमाध्यमांवर हशा पिकला. विजेचा दिवा व्यवहारात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. जानेवारी २०२५ मध्ये 'छावा'च्या ट्रेलरमधील लेझीम नृत्यावर टीका झाली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी राज ठाकरे यांची भेट घेऊन ते दृश्य वगळत असल्याचे जाहीर केले.

पोशाखाला किती अर्थ चिकटलेला असतो, हे मे २०२४ मध्ये चित्रपटाबाहेरही दिसले. वाराणसीत प्रफुल्ल पटेल यांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या डोक्यावर जिरेटोप ठेवला आणि महाराष्ट्रात टीकेची झोड उठली.

या सगळ्यांत पगडीचा आक्षेप वेगळा होता. बाकीचे वाद 'आमच्या माणसांना असे कसे दाखवले' या स्वरूपाचे होते, तर पगडीचा मुद्दा तपासून पाहता येतो. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

मावळे खरेच बोडके लढत होते का?

अलीकडच्या चित्रपटांतील लढाया आठवून पाहा. मोकळे केस वाऱ्यावर उडत आहेत, कपाळाला फार तर एक पट्टी बांधलेली आहे आणि अंगात चामड्याचे जाकीट आहे. ही प्रतिमा सह्याद्रीतून नव्हे, तर परदेशी मालिका आणि चित्रपटांतून आली आहे. त्या काळातल्या समाजात पुरुषाने चारचौघांत बोडके फिरणे हे सुतकाचे किंवा अपमानाचे लक्षण होते. 'पगडी उतरवणे' हा वाक्प्रयोग त्यातूनच आला.

पण लढाईच्या धामधुमीत पागोटे डोक्यावर राहत कसे असेल? याचे उत्तर ग्रँट डफने दिले आहे. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे तो शिवकाळाचा साक्षीदार नव्हे; पण मराठी कागदपत्रे त्याने पाहिली होती आणि मराठा फौजेतली माणसेही. तो सांगतो त्यानुसार घोडेस्वार गुडघ्याखाली येणारी घट्ट तुमान आणि कापूस भरून टाके घातलेला अंगरखा घालत, कमरेला कापड गुंडाळून त्यात तलवार अडकवत आणि पागोट्याचा एक फेरा हनुवटीखालून घेऊन ते घट्ट बांधत. म्हणजे आजच्या हेल्मेटच्या पट्ट्याची सोय तेव्हा होती. पायदळाच्या वर्णनात पागोटे, मांडीपर्यंतचा चोळणा आणि कमरेला आवळून बांधलेला पट्टा येतो.

हनुवटीखालून फेरा घेतलेला घोडेस्वार पडद्यावर मी तरी अजून पाहिलेला नाही. खरे तर दिग्दर्शकासाठी ती किती चांगली गोष्ट आहे! पण त्यात नायकाची केशरचना झाकली जाते आणि शेकडो सहकलाकारांना रोज सकाळी पागोटी बांधून देणारी माणसे लागतात. तयार शिवलेली पगडी टोपीसारखी घालता येते खरी, पण ती क्लोजअपमध्ये लगेच ओळखू येते.

शिवाजी महाराजांच्या पोशाखाचे पुरावे कोणते?

सर्वांत महत्त्वाची आहेत ती समकालीन किंवा जवळपास समकालीन चित्रे. ॲमस्टरडॅमचे राइक्स म्युझियम आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम येथे गोवळकोंड्याच्या शैलीतील व्यक्तिचित्रे आहेत. व्हेनिसचा प्रवासी निकोलाओ मनुची याने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून करून घेतलेल्या संग्रहातील घोड्यावरचे चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ही चित्रे महाराजांना समोर बसवून काढली होती, असे ठामपणे म्हणता येत नाही. परंतु महाराज १६७७ मध्ये गोवळकोंड्याला गेले होते, त्यामुळे तिथल्या चित्रकारांना त्यांच्या रूपाची माहिती असणे स्वाभाविक आहे.

या चित्रांत काय दिसते? नक्षीदार जामा, कमरेला पटका, शस्त्र, आणि डोक्यावर गुंडाळलेले, तुरा व मोत्यांनी सजवलेले पागोटे. आज दुकानात मिळतो तसा ताठ, शंकूसारखा जिरेटोप या चित्रांत नाही. 'जिरे' हा शब्द फारसीतील 'जिरह' म्हणजे लोखंडी कड्यांचे चिलखत यावरून आला. त्यामुळे जिरेटोप म्हणजे मुळात लढाईत घालायचे लोखंडी शिरस्त्राण. प्रतापगडावर महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता, असे जे सांगितले जाते ते याच्याशी जुळते. मखमलीचा, मोत्यांच्या माळा सोडलेला टोप ही नंतरची प्रतिमा आहे.

आणखी एक साक्ष सिंधुदुर्ग किल्ल्यावर आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात उभारलेल्या शिवराजेश्वर मंदिरातील मूर्तीला दाढी नाही आणि डोक्यावरचे शिरोवस्त्र कोळी-नावाड्यांच्या टोपीची आठवण करून देणारे आहे. म्हणजे महाराजांच्या पुढच्याच पिढीत एकाहून अधिक प्रतिमा होत्या.

लिखित साधने या बाबतीत थोडी निराशा करतात. राज्याभिषेकाला हजर राहिलेल्या हेन्री ऑक्झेंडेनने सिंहासनाशेजारच्या सोन्याच्या मत्स्यमुखांची, घोड्यांच्या शेपट्यांची आणि भाल्याच्या टोकावरील तराजूची नोंद तपशिलाने केली. अंगावरच्या वस्त्रांबाबत तो तितका उदार नाही. सामान्य मावळ्याकडे तर चित्रकार आणि प्रवासी दोघांचेही दुर्लक्षच झाले.

मग आपल्या डोळ्यांसमोरचे चित्र आले कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. राजा रविवर्मा यांची छापील चित्रे घराघरांत गेली. एम. व्ही. धुरंधर यांनी राज्याभिषेकाचा प्रसंग रंगवला. संगीत नाटक मंडळ्यांनी भरजरी पोशाखांची सवय लावली. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर १९२३ मध्ये 'सिंहगड' घेऊन आले. पुढे भालजी पेंढारकर यांच्या 'छत्रपती शिवाजी' (१९५२) आणि 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) या चित्रपटांनी पडद्यावरचा शिवकाळ ठरवून टाकला. कोल्हापूरच्या त्या कपडेपटावर दरबारी परंपरेची छाप होती, पण ते दरबार विसाव्या शतकातले होते.

त्यानंतर चित्रपट चित्रपटाची नक्कल करत गेला. मालिकेने चित्रपटाकडून घेतले, स्नेहसंमेलनाने मालिकेकडून, मिरवणुकीतल्या रथाने स्नेहसंमेलनाकडून. दर वेळी मूळ साधनाकडे परत न जाता मागच्या प्रतीची प्रत निघाली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रे याच प्रतींवर पोसली जात आहेत, त्यामुळे बोडके, दाढीधारी, चामडी जाकिटातले मावळे शिवजयंतीच्या शुभेच्छापत्रांवरही दिसू लागले आहेत. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की मोजमाप नेहमी मूळ पृष्ठभागापासून घ्यावे. आधीच्या खुणेपासून पुढची खूण मोजत गेल्यास प्रत्येक पायरीची चूक साठत जाते. इथे नेमके तेच झाले आहे.

मळकट दिसले की अस्सल, हे कितपत खरे?

जुन्या चित्रपटांतील झगमगाटाला कंटाळलेल्या प्रेक्षकाला अलीकडचा करडा-तपकिरी रंग 'वास्तववादी' वाटतो. 'पूर्वी असे भडक रंग कुठे होते?' असा प्रश्नही विचारला जातो. होते. भारतीय रंगारी त्या काळात साऱ्या जगाला रंगीत कापड पुरवत होते.

मंजिष्ठेपासून लाल, निळीपासून निळा, हळदीपासून पिवळा, लाखेपासून किरमिजी आणि करडईच्या फुलांपासून कुसुंबी रंग मिळत असे. करडईतून फिकट गुलाबीपासून नारिंगीपर्यंत छटा निघतात. अडचण होती ती रंग टिकण्याची. कुसुंबी रंग उन्हाने आणि धुण्याने उडत असे, त्यामुळे कापड पुन्हा रंगवावे लागे. म्हणजे गरिबाच्या अंगावरचा रंग विटलेला असेल, पण तो तपकिरीच असेल असे नाही. पांढरे आणि न रंगवलेले सुती कापड तर सर्वत्र होते. पांढरे कपडे घातलेली फौज मात्र पडद्यावर क्वचितच दिसते.

याउलट जे रंग आपण बिनदिक्कत 'पारंपरिक' म्हणून स्वीकारतो, त्यांतले काही कारखान्यातले आहेत. पहिला कृत्रिम रंग, जांभळ्या छटेचा मॉव्ह, विल्यम पर्किनने १८५६ मध्ये शोधला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच मजेंटा आला. आजच्या पैठणीतील डोळ्यांत भरणारा राणी रंग त्याच घराण्यातला. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा आहे आणि पडद्यावरच्या 'रेशमी' शेल्याची चकाकी बहुतेकदा त्याचीच असते. खरे रेशीम उजेडात वेगळे दिसते, कारण त्याची चमक एकसारखी नसते. मखमल त्या काळात होती, पण महाग होती. पडद्यावर ती शिपायाच्याही अंगावर दिसते.

मराठे आणि मुघल इतके वेगळे दिसत होते का?

पडद्यावर बाजू ओळखणे सोपे असते. भगव्या-पांढऱ्या रंगात आपले, काळ्या-हिरव्या रंगात शत्रू. 'तान्हाजी'तील उदयभान डोक्यापासून पायापर्यंत काळा आहे. 'पद्मावत'मधील खिलजी फर आणि काजळात वावरतो. नाट्यदृष्ट्या यात गैर काही नाही, प्रेक्षकाला गर्दीत आपला माणूस सापडायला हवा. 'तान्हाजी'च्या वेशभूषेसाठी नचिकेत बर्वे आणि महेश शेर्ला यांना ६८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गौरवण्यातही आले.

इतिहास मात्र इतका सोयीचा नाही. सतराव्या शतकातील दख्खनमध्ये आदिलशाही, कुतुबशाही, मुघल आणि मराठा दरबारांतील वरिष्ठांचा पोशाख बराचसा एकाच घडणीचा होता. जामा, पटका, तुमान, पागोटे, शेला. शहाजीराजे आदिलशाहीत सरदार होते. मानाची वस्त्रे म्हणजे खिलत देण्याची पद्धत सगळीकडे होती, आणि एका दरबाराने दिलेली वस्त्रे घालून माणूस दुसऱ्या दरबारात जात असे. ऑक्झेंडेनलाही रायगडावरची राजचिन्हे मुसलमानी दरबारांच्या धर्तीची वाटली होती. स्वराज्याचे वेगळेपण राज्यव्यवहारकोशात आणि राज्याभिषेकाच्या विधीत शोधता येते. जाम्याच्या शिवणीत ते फारसे सापडत नाही.

फरक होता तो बारीक खुणांत. जाम्याचे बंद हिंदू डाव्या बाजूला आणि मुसलमान उजव्या बाजूला बांधत, असा संकेत होता. लघुचित्रांचे अभ्यासक चित्रातील व्यक्ती ओळखताना आजही ही खूण पाहतात. पागोटे बांधण्याची पद्धत, मिशा-दाढीची ठेवण यांवरूनही प्रांत आणि जात कळे. चित्रपटांनी हा बारीक फरक पुसला आणि त्या जागी रंगांचा ढोबळ फरक आणला. गणवेशासारखे दोन रंग वापरले की दख्खनच्या सरमिसळीचा, म्हणजे दोन्ही बाजूंना मराठे आणि दोन्ही बाजूंना मुसलमान लढत होते या वस्तुस्थितीचा, प्रेक्षकाला विसर पडतो. कंबर किती दिसली याहून हा प्रश्न मोठा आहे. त्यावर कुणी मोर्चा काढलेला नाही.

स्त्रियांच्या पोशाखाचे काय?

इथे अंदाजाचा भाग सर्वाधिक आहे. महाराजांची आहेत तशी समकालीन व्यक्तिचित्रे जिजाऊसाहेब किंवा महाराणी येसूबाई यांची हाती नाहीत. कासोट्याची नेसण मराठी मुलखात जुनी आहे, पण आज दिसणारी चापूनचोपून बसवलेली, निऱ्यांना पिना लावलेली आणि काही वेळा चक्क पँटसारखी शिवलेली नऊवारी ही रंगमंचाची आणि लग्नसमारंभांची देणगी आहे. चोळी पुढे गाठ मारून बांधायची असे. मागे हूक किंवा चेन असलेला ब्लाउज मालिकांमध्ये सर्रास दिसतो. आजच्यासारखी चेन विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तयार झाली. पाठमोऱ्या दृश्यात ती हमखास दिसते, आणि पाठमोरी दृश्ये मालिकांत बरीच असतात.

पेशवाईबाबत परिस्थिती बरी आहे. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९० च्या दशकात पुण्यात होता आणि त्याने सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचे चित्र काढले. वाई-मेणवली परिसरातील वाड्यांत भित्तिचित्रे आहेत. थॉमस ब्राउटन याने १८०९ मध्ये दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून लिहिलेली पत्रे सचित्र प्रसिद्ध झाली. पैठणहून दुपट्टे मागवताना रंगही कळवल्याचा माधवराव पेशव्यांच्या काळातील पत्रव्यवहार आहे. पेशवे दफ्तरात खरेदीच्या, बक्षिसाच्या, लग्नखर्चाच्या याद्या आहेत आणि त्यांत कापडांची नावे येतात. मात्र या याद्या मोडीत आहेत. अमुक नावाचे कापड म्हणजे नेमके कोणत्या पोताचे, हे ओळखणारे वस्त्रअभ्यासक आणि मोडी वाचणारे यांनी एकत्र बसावे लागते.

कपडेपटाची अडचण काय?

सगळा दोष वेशभूषाकारांच्या माथी मारणे योग्य नाही. मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना 'गांधी'साठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. त्या चित्रपटासाठी छायाचित्रे आणि चित्रफिती मुबलक होत्या. शिवकाळावर काम करणाऱ्याला मोजकी चित्रे मिळतात आणि त्यांतही कपडा पुढूनच दिसतो. मागची शिवण कशी होती, हे ठरवावेच लागते.

त्यात प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या गरजा. तलवारबाजीच्या प्रसंगासाठी एकाच पोशाखाच्या अनेक प्रती लागतात, कारण एक फाटतो, एक भिजतो, एक स्टंट करणाऱ्याच्या मापाचा असतो. नवे कापड जुने दिसावे म्हणून ते घासावे, चहाच्या पाण्यात बुडवावे, कडा उसवाव्या लागतात. खऱ्या कड्यांच्या चिलखताचे वजन घेऊन दिवसभर शूटिंग करणे अवघड, म्हणून हलके साहित्य वापरले जाते. दैनंदिन मालिकेत तर आजचा भाग उद्या-परवा प्रक्षेपित व्हायचा असतो. तिथे भाड्याने आणलेला पोशाख अंगाला बसला, एवढेच पुरेसे ठरते.

जाणीवपूर्वक घेतलेले स्वातंत्र्य ही वेगळी गोष्ट. सोफिया कोपोलाच्या 'मारी आंत्वानेत'मध्ये (२००६) अठराव्या शतकातील राणीच्या पादत्राणांत आजच्या काळातले कॅनव्हासचे बूट दिसतात आणि ते मुद्दाम ठेवलेले आहेत. त्या चित्रपटाला वेशभूषेचे ऑस्कर मिळाले. आपल्याकडे मात्र स्वातंत्र्य घेतले जाते आणि जाहिरातीत 'सखोल संशोधन' असेही लिहिले जाते.

सेन्सॉर बोर्ड हे तपासते का?

नाही. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी अशा निकषांवर चित्रपट पाहते. इतिहासाची अचूकता तपासणे हे त्याचे काम नाही. 'पद्मावत'साठी खास समिती नेमली गेली, पण तो अपवाद होता. चित्रपटाच्या सुरुवातीला येणारी सूचना निर्मात्याला कायदेशीर संरक्षण देते, प्रेक्षकाला माहिती देत नाही. श्रेयनामावलीत इतिहास सल्लागाराचे नाव असते, मात्र त्याने दिलेल्या सल्ल्यांपैकी किती मानले गेले हे कळण्याचा मार्ग नसतो.

यावर नवे मंडळ नेमावे, अशी मागणी अधूनमधून होते. त्यातून पुरावा तपासण्याऐवजी आणखी एक परवाना वाढेल, ही शक्यताच जास्त आहे. त्यापेक्षा निर्मात्यांनी प्रदर्शनाच्या वेळी साध्या चार-पाच पानांत कोणता पोशाख कोणत्या चित्रावरून किंवा नोंदीवरून घेतला, कुठे अंदाज केला आणि कुठे कथेच्या गरजेपोटी बदल केला, हे प्रसिद्ध केले तर पुढच्या कपडेपटाला तिथून सुरुवात करता येईल. पडद्यामागचे व्हिडीओ आजही निघतातच. त्यांत नायकाने किती किलो वजन वाढवले आणि घोडेस्वारी किती दिवस शिकली, हे तपशीलवार असते. पागोटे कोणी बांधले, हे नसते.